भावी पिढ्यांचा वटाव

मुदतीची हुंडी मुदत भरण्यापूर्वी पेढीवर नेली, तर सावकार तीवर लिहिलेली पूर्ण रक्कम देत नाही. उरलेल्या दिवसांचे व्याज कापून घेतो आणि बाकीची रोख हातावर ठेवतो. या कपातीला आपल्याकडे वटाव म्हणतात. व्यापारात यात गैर काही नाही. हुंडी आणणारा आणि वटवणारा समोरासमोर बसलेले असतात, आणि दर न पटल्यास व्यापारी दुसऱ्या पेढीची पायरी चढू शकतो. शासनही असाच वटाव करीत असते. धरण, महामार्ग किंवा खाणीचा प्रस्ताव मंजुरीसाठी येतो, तेव्हा पुढील अनेक वर्षांचे लाभ आणि खर्च एका ठरीव दराने कापून आजच्या मूल्यात आणले जातात. मात्र येथे ज्याच्या लाभातून कपात होते, तो पुष्कळदा अजून जन्मलेला नसतो. त्याला दुसरी पेढी उपलब्ध नाही.

या कपातीचा आवाका थोड्या गणिताने कळेल. शंभर कोटी रुपयांचा एखादा लाभ ५० वर्षांनी मिळणार आहे असे समजू. दर साल १२ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य सुमारे ३५ लाख रुपये भरते, ५ टक्क्यांनी पावणेनऊ कोटी, आणि १.४ टक्क्यांनी जवळजवळ ५० कोटी. तोच लाभ १०० वर्षांनी मिळणारा असेल, तर १२ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य अवघे १२ हजार रुपये होते. प्रकल्प अहवालात हा दर बहुधा एका ओळीत नमूद केलेला असतो आणि त्यावर क्वचितच चर्चा होते. भारतातील रस्ते प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनात १२ टक्क्यांचा दर दीर्घकाळ वापरला गेला आहे. आंतरराष्ट्रीय विकास बँकाही पूर्वी वर्षानुवर्षे १० ते १२ टक्क्यांचाच निकष लावीत असत. हा आकडा कोठून आला, आणि त्याच्या पोटात कोणकोणते निर्णय दडलेले आहेत, याचा इतिहास प्रशासकाने जाणून घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाची नैतिक बाजू अर्थशास्त्राला नवी नव्हती. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक यांनी १८७४ मध्येच अशी भूमिका घेतली होती की, सर्वांचे सुख समान मानायचे असेल, तर एखादा मनुष्य कोणत्या काळात जगतो यावरून त्याच्या सुखाची किंमत बदलण्याचे कारण नाही. आर्थर सेसिल पिगू यांनी १९२० मध्ये हाच विचार पुढे नेला. भविष्यातील सुख आपल्याला लहान दिसते, कारण आपली दूरदृष्टीची दुर्बीणच सदोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातून त्यांनी शासनासाठी एक कर्तव्य काढले. व्यक्तीची दृष्टी अधू असेल, तर शासनाने आजच्या नागरिकांबरोबरच न जन्मलेल्या पिढ्यांचाही विश्वस्त म्हणून वागले पाहिजे, आणि संपुष्टात येणाऱ्या नैसर्गिक संपत्तीची उधळपट्टी रोखली पाहिजे.

या विचाराला गणिताची शिस्त लावली ती फ्रँक रॅम्से या तरुणाने. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील हा गणिती आणि तत्त्वज्ञ. त्याचा बचतीच्या गणिती सिद्धांतावरील लेख डिसेंबर १९२८ च्या 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. जानेवारी १९३० मध्ये, वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्याचे निधन झाले. त्याने विचारलेला प्रश्न वरवर साधा आहे : राष्ट्राने आपल्या उत्पन्नातून किती बचत करावी? आज बचत केली की आजचा उपभोग घटतो आणि उद्याच्या पिढीचे उत्पन्न वाढते. म्हणजे बचतीचा दर ठरवणे हे पिढ्यापिढ्यांमधील वाटप ठरवणेच होय.

रॅम्सेने आरंभीच स्पष्ट केले की, नंतर येणाऱ्यांचे सुख केवळ ते नंतर येतात म्हणून कमी लेखणे त्याला नीतीच्या दृष्टीने असमर्थनीय वाटते. अशी कपात कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येते. पण लगेच एक अडचण उभी राहते. पिढ्यांची रांग अनंत असेल आणि सर्वांना समान वजन द्यायचे असेल, तर सुखाची बेरीजही अनंत होते, आणि दोन धोरणांच्या बेरजा अनंत असतील तर त्यांतील बरे कोणते हे सांगता येत नाही. रॅम्सेने यातून युक्तीने वाट काढली. सुखाची एक कमाल मर्यादा आहे असे त्याने मानले, तिला परमानंदाची अवस्था म्हटले, आणि सुखाची बेरीज करण्याऐवजी त्या अवस्थेपासून प्रत्येक काळी किती उणीव राहते, तिची बेरीज कमीत कमी करावी असा नियम मांडला. या नियमानुसार निघणारा बचतीचा दर कोणीही सहसा सुचवील त्यापेक्षा फारच मोठा आहे, हे त्याने स्वतःच नमूद केले. ही कबुली महत्त्वाची आहे. भावी पिढ्यांना समान मानणे म्हणजे आजच्या पिढीकडून मोठा त्याग मागणे, हे पहिल्याच लेखात उघड झाले होते.

या चर्चेतून पुढे जो सूत्ररूप नियम रूढ झाला, तो समजून घेतला की निम्मा गोंधळ दूर होतो. वटाव दर दोन घटकांचा बनतो. पहिला घटक शुद्ध कालपसंतीचा : पुढची माणसे केवळ काळाने दूर आहेत, म्हणून त्यांचे सुख कमी मोजणे. दुसरा घटक संपन्नतेचा : पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल, तर तिला मिळालेल्या जादा रुपयाने होणारे समाधान आपल्या रुपयापेक्षा कमी असेल, म्हणून तो रुपया कमी मोजणे. दरडोई उपभोग दर साल ४ टक्क्यांनी वाढत असेल आणि उपभोग एक टक्क्याने वाढला की जादा रुपयाचे समाधान दीड टक्क्याने घटते असे धरले, तर कालपसंती शून्य ठेवूनही वटाव दर ६ टक्के येतो. म्हणजे भविष्याची कपात ही सरसकट अनीती नव्हे. गरिबाचा रुपया श्रीमंताच्या रुपयापेक्षा मोलाचा मानण्याचे जे तत्त्व आपण करआकारणीत मान्य करतो, तेच येथे दोन पिढ्यांमध्ये लागू होते. प्रश्न उरतो तो पहिल्या घटकाचा.

हा पहिला घटक शास्त्रात कसा स्थिरावला, ही कथा उद्बोधक आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये ठरावीक दराने भविष्यातील उपयोगिता कापण्याचे सुटसुटीत सूत्र मांडले, परंतु या सूत्राचा समाजकल्याणाच्या निर्णयाशी संबंध जोडू नये असा इशाराही सोबत दिला. रॉय हॅरॉड यांनी १९४८ मध्ये अधिक कठोर शब्द वापरले. शुद्ध कालपसंती हे त्यांच्या लेखी हावरटपणाचे सभ्य नाव होते. तरीही पुढील वीस वर्षांत वाढीच्या सिद्धांतात कालपसंतीने कायमचे घर केले. यामागे नैतिक मतपरिवर्तनापेक्षा गणिताची निकड अधिक होती.

या निकडीचा शोध घेणाऱ्यांत एक महत्त्वाचे नाव भारतीय आहे. सुखमय चक्रवर्ती (१९३४-१९९०) हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, नेदरलँड्समध्ये यान टिनबर्गेन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेले, पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक आणि १९७१ ते १९७७ या काळात नियोजन आयोगाचे सदस्य. १९६२ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त त्यांनी दाखवून दिले की, अनंत कालमर्यादा आणि शून्य कालपसंती एकत्र आली, तर सर्वोत्तम बचत कार्यक्रम अस्तित्वात असेलच असे गृहीत धरता येत नाही. कालमर्यादा सांत ठेवावी, तर शेवटच्या दिवशी पुढच्यांसाठी किती भांडवल मागे ठेवायचे, हे बाहेरून ठरवावे लागते. म्हणजे भावी पिढ्यांचा प्रश्न एका दाराने बाहेर काढला, तर दुसऱ्या दाराने आत येतो. पंचवार्षिक योजना आखणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही केवळ तात्त्विक अडचण नव्हती.

ट्यालिंग कूपमन्स यांनी १९६० मध्ये सिद्ध केले की, अनंत काळावर पसरलेल्या कार्यक्रमांची सुसंगत क्रमवारी लावायची असेल आणि काही वाजवी वाटणाऱ्या अटी पाळायच्या असतील, तर काही प्रमाणात अधीरता त्या अटींतूनच निष्पन्न होते. पीटर डायमंड यांनी १९६५ मध्ये पिढ्यांची समानता आणि अशा अटी यांतील विसंगती आणखी ठळक केली. त्याच वर्षी कूपमन्स आणि डेव्हिड कास यांनी रॅम्सेचे प्रतिमान नव्याने मांडले. लहानसा का होईना, पण धन कालपसंती दर त्यात घातला की गणित सुरळीत सुटते. आज जगभरच्या विद्यापीठांत रॅम्से-कास-कूपमन्स या नावाने हेच प्रतिमान शिकवले जाते. म्हणजे रॅम्सेने जी कपात असमर्थनीय ठरवली होती, ती आता त्याच्याच नावाने चालते. अर्थात कूपमन्स यांची भूमिका उथळ नव्हती. नीतितत्त्व आधी ठरवून मग त्याचे परिणाम निमूटपणे सोसण्यापेक्षा, परिणाम तपासून तत्त्वाची पारख करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ही चर्चा आजही मिटलेली नाही. कौशिक बसू आणि तपन मित्रा यांनी २००३ मध्ये दाखवले की, सर्व पिढ्या समान मानणे आणि कोणाचेही नुकसान न होता एकाचे भले होत असेल तर ते अधिक चांगले मानणे, या दोन्ही अटी पाळून अनंत पिढ्यांच्या कल्याणाला एका आकड्यात बसवता येत नाही.

दुसरीकडे, भारतात हाच पेच निराळ्या भाषेत प्रत्यक्ष धोरणात उतरला होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागील (१९५६-६१) प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रतिमानात वटाव दर नव्हता. त्यात प्रश्न असा होता की, गुंतवणुकीचा किती हिस्सा यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांकडे वळवावा. हा हिस्सा मोठा ठेवला, तर आरंभीची वर्षे उपभोग मंद वाढतो, पण पुढे तो अधिक वेगाने वाढतो. किती पुढे पाहायचे यावर उत्तर अवलंबून. दहा वर्षांपुरते पाहणारा एक हिस्सा निवडील, तीस वर्षे पाहणारा दुसरा. वटाव दराचे काम येथे कालमर्यादेने केले. एकूण गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश भाग भांडवली वस्तूंकडे, हे महालनोबिस यांचे सूत्र म्हणजे वर्तमान आणि भविष्य यांतील वाटपाचा निर्णयच होता.

मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातून सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच याला पर्याय मांडला. बेकार व अर्धबेकार श्रमिकाला कामाला लावायचे, तर त्याच्या हातात यंत्र येण्याआधी ताटात धान्य आणि अंगावर कापड असले पाहिजे; म्हणून या मजुरी-वस्तूंच्या उत्पादनाला अग्रक्रम द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. या वादाकडे सहसा अवजड उद्योग विरुद्ध शेती असे पाहिले जाते. मला त्यात पिढ्यांमधील न्यायाचा वाद दिसतो. १९५६ चा शेतमजूर हा आपल्या साखळीतील सर्वांत गरीब दुव्यांपैकी एक होता. त्याने पोटाला चिमटा घेऊन ज्यांच्यासाठी बचत करायची, ते त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी संपन्न होणार होते आणि झालेही. १९६५-६६ आणि १९६६-६७ च्या दुष्काळांत आयात गव्हावर विसंबण्याची वेळ आली, तेव्हा आजच्या उपभोगाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत लक्षात आली. उलट बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, त्या काळी उभारलेले पोलाद कारखाने आणि धरणे यांचा लाभ पुढच्या पिढ्यांनी घेतला आहे. शून्य कालपसंतीचे तत्त्व निर्मळ आहे, पण गरीब देशात त्याचे बिल सर्वांत आधी गरिबाकडे जाते, एवढा धडा या वादातून निश्चित मिळतो.

मग निर्णयाचा अधिकार कोणाचा? हार्वर्डचे स्टीफन मार्ग्लिन यांनी १९६३ मध्ये भूमिका घेतली की, लोकशाही शासनाने आजच्या नागरिकांच्याच इच्छा प्रमाण मानाव्यात. भावी पिढ्यांची काळजी आजच्या नागरिकांना असेल तेवढीच शासनाच्या हिशेबात यावी. परंतु त्यांनी आणि अमर्त्य सेन यांनी एक महत्त्वाची गोष्टही दाखवली. एकटा मनुष्य भविष्यासाठी जेवढी बचत करायला तयार नसतो, तेवढी तो सर्वांनी मिळून करायची ठरल्यास आनंदाने करतो. त्यामुळे बाजारातील व्याजदर हा समाजाच्या इच्छेचा खरा आरसा नव्हे. पिगूंचा विश्वस्त आणि मार्ग्लिनचा लोकप्रतिनिधी, या दोहोंच्या मध्ये कोठेतरी प्रशासकाला उभे राहावे लागते.

या विचारमंथनातून एक व्यावहारिक फळ निघाले. १९७२ मध्ये पार्थ दासगुप्ता, मार्ग्लिन आणि सेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी प्रकल्प मूल्यमापनाची मार्गदर्शिका तयार केली. तिच्यातील एक सूचना मला फार मोलाची वाटते. सामाजिक वटाव दर हा तंत्रज्ञाने परस्पर ठरवण्याचा आकडा नाही. ज्या दराला प्रकल्पाचा होकार नकारात बदलतो, तो दर काढून निर्णयकर्त्यांपुढे ठेवावा, म्हणजे भविष्याविषयीचा राजकीय निर्णय राजकीय नेतृत्वाने डोळसपणे घ्यावा. योगायोगाने त्याच वर्षी आपल्या नियोजन आयोगात प्रकल्प मूल्यमापन विभाग सुरू झाला. पुढे मूल्यमापनाची पद्धत रुळली. मात्र बदलबिंदू पुढे ठेवण्याची ही सूचना मागे पडली आणि ठरीव आकडा पुढे राहिला.

ठरीव आकड्याच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे, तोही नोंदवला पाहिजे. भांडवल दुर्मीळ आहे. त्याला अन्यत्र १२ टक्के परतावा मिळत असेल, तर ४ टक्क्यांचा प्रकल्प हाती घेणे म्हणजे भावी पिढीचेच नुकसान करणे. तेच पैसे चांगल्या ठिकाणी गुंतवून वाढलेली रक्कम तिला द्यावी. युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त त्यातील शेवटची अट पाळली गेली तरच. वाढलेली रक्कम खरोखर गुंतवली गेली पाहिजे आणि खरोखर तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. नदी, जंगल किंवा भूजल आज संपवून मिळालेला परतावा आपणच खर्च केला, तर १२ टक्क्यांचा आधार उरत नाही.

हवामान बदलाच्या चर्चेत २००६ साली हा जुना वाद जगापुढे पुन्हा आला. निकोलस स्टर्न यांच्या अहवालाने कालपसंती जवळजवळ शून्य, म्हणजे ०.१ टक्के धरली, आणि तीही मानवजात नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी. एकूण वटाव दर सुमारे १.४ टक्के आला आणि तातडीच्या कृतीचा निष्कर्ष निघाला. विल्यम नॉर्डहाउस यांनी कालपसंती दीड टक्क्याच्या आसपास धरून अधिक संथ मार्ग सुचवला. पार्थ दासगुप्ता यांचा आक्षेप वेगळाच होता. शून्याजवळची कालपसंती त्यांना मान्य होती, पण पुढच्या पिढीच्या संपन्नतेला स्टर्न यांनी फार कमी महत्त्व दिले. तोच हिशेब साध्या प्रतिमानात घातला, तर आजच्या पिढीने उत्पन्नाच्या ९७.५ टक्के बचत करावी असे निघते. रॅम्सेला १९२८ मध्ये दिसलेली अडचण ऐंशी वर्षांनी जशीच्या तशी समोर उभी होती. ब्रिटनने २००३ पासून दीर्घ मुदतीच्या लाभांसाठी ३.५ टक्क्यांपासून उतरत जाणारा दर स्वीकारला, हा या चर्चेचा एक ठोस परिणाम होय.

आपल्या देशातही पिढ्यांमधील न्याय ही संकल्पना आता पुस्तकातच राहिलेली नाही. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्प व्यवस्थापन कायद्याच्या उद्देशातच तिचा उल्लेख आहे. वनजमीन अन्य कामासाठी वळवताना निव्वळ वर्तमान मूल्य वसूल करण्याचे दर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे मान्य केले. २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. आणि २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यातील लोहखनिजाच्या खटल्यात न्यायालयाने विक्रीच्या रकमेतील १० टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत टाकण्याचा आदेश दिला. शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील न्याय हेच त्या निधीचे प्रयोजन सांगितले. रॉबर्ट सोलो यांनी १९७४ मध्ये आणि जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार याच दिशेचा होता : संपणाऱ्या संपत्तीचे उत्पन्न खाऊ नये, त्याचे टिकाऊ भांडवल करून मागे ठेवावे. वटाव दराचा वाद न मिटवताही भावी पिढीचा हिस्सा राखण्याचा हा मार्ग आहे.

या इतिहासातून प्रशासनाने घ्यावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रस्तावात एकच दर लिहिण्याऐवजी त्याचे दोन घटक वेगळे लिहावेत. पुढची पिढी संपन्न होईल म्हणून केलेली कपात ही भाकितावर आधारलेली असते, आणि भाकीत तपासता येते. रस्ता किंवा वीज केंद्राच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. खाली जाणारी भूजल पातळी किंवा तुटलेले जंगल यांच्या बाबतीत पुढची पिढी अधिक संपन्न नसून अधिक दरिद्री असते, आणि तेथे कपातीला आधार राहत नाही. केवळ काळाच्या अंतरापोटी केलेली कपात मात्र भाकीत नसून निर्णय असतो. तो घेणाऱ्याने आपल्या सहीनिशी, कारणांसह घ्यावा. आणि ५० वर्षांपलीकडे परिणाम असणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात बदलबिंदूचा दर स्वतंत्रपणे नमूद व्हावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही; टिपणीत आणखी दोन ओळी लागतात.